पोचले, पाहिले, वाचले : एका ठळक अक्षराचा इतिहास

जुनी मोडी पत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना 'पैवस्ती' हा शब्द नवा नाही. पत्र ज्याच्या नावे असेल त्याच्याकडे ते येऊन पोचले, की ते कधी आले याची चंद्रतारीख पत्रावरच टाकली जाई. पत्र लिहिल्याची तारीख वेगळी, पैवस्तीची वेगळी. या दोहोंमधले अंतर मोजून बातमीला वाटेत किती दिवस लागले हे आज आपल्याला सांगता येते. मात्र पत्र उघडून वाचले कोणी, लगेच वाचले की चार दिवस तसेच पडून राहिले, हे पैवस्तीवरून कळत नाही. ती नोंद पोचल्याची आहे, वाचल्याची नाही.

इंग्रजी अमदानीत कागदाचा कारभार वाढला, तरी हा भेद टिकून राहिला. रजिस्टर पत्राची पोचपावती सही होऊन परत येई, ती पाकीट हातात पडल्याची. कचेरीत टपाल आले की आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. मग ते साहेबांपुढे जाते, साहेब कोपऱ्यात छोटी सही आणि तारीख टाकतात. पुढे ते संबंधित कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढते आणि निकाली निघाले की तिथे तसा शेरा येतो. पोचले, पाहिले, काम झाले : तीन घटना, तीन जागा आणि बहुधा तीन वेगळ्या माणसांची अक्षरे. या पद्धतीला आपण लालफीत म्हणून भरपूर हसलो आहोत. तिच्यात एक शहाणपण होते, ते मला फार उशिरा आणि संगणकामुळे कळले.

मी काळेवाडीत राहतो. पवनेच्या पलीकडे पिंपरी, इकडे आम्ही. कारखान्यातली स्टोअरची नोकरी सुटल्यावर गेली बरीच वर्षे काळेवाडी, थेरगाव, भोसरी इथल्या छोट्या वर्कशॉपांचे संगणक सांभाळतो. प्रिंटर चालत नाही, जीएसटीचे पान उघडत नाही, अशा नेहमीच्या तक्रारींबरोबर एक तक्रार हमखास येते : "फोनवर वाचलेली मेल ऑफिसच्या संगणकावर पुन्हा ठळक दिसते." किंवा उलट : "मी उघडलीच नाही, तरी वाचलेली दाखवते." ठळक अक्षर म्हणजे न वाचलेले, बारीक अक्षर म्हणजे वाचलेले, हा संकेत आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण ही खूण करते कोण आणि ती लिहून ठेवलेली असते कुठे? या प्रश्नामागे लागून मी इंटरनेटचे जुने प्रोटोकॉल ज्यांत नोंदले आहेत ती 'आरएफसी' नावाची क्रमांकित टिपणे शब्दकोश जवळ ठेवून वाचून काढली. त्यातून हाती आलेले उत्तर असे : गेल्या पन्नास वर्षांत ही खूण तीन ठिकाणी ठेवून पाहिली गेली. पत्रावर, वाचकापाशी आणि टपालघरात. आज आपल्या संगणकात या तिन्ही पद्धती एकाच वेळी नांदतात. तक्रारी निघतात त्या त्यांच्या सांध्यांतून.

सुरुवातीला अशा खुणेची गरजच नव्हती. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत केंब्रिज इथल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले. पीडीपी-१० जातीची ती यंत्रे एकाच खोलीत होती. पत्रपेटी म्हणजे एक लांबलचक फाइल. नवे पत्र आले की ते शेवटी चिकटायचे. वाचण्याचा 'रीडमेल' हा प्रोग्राम ती फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेलिटाइपच्या कागदावर ओतत असे. निवडीची सोयच नव्हती. 'न वाचलेले' असे काही उरायला आधी काही वाचायचे आणि काही मागे ठेवायचे, असे स्वातंत्र्य लागते. ते १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी दिले. ते अर्पा या सरकारी संस्थेत संगणकजाळ्याचे काम पाहणारे अधिकारी. त्यांच्या 'आरडी' या छोट्या प्रोग्रामने पत्रांची यादी दाखवली आणि हवे ते पत्र आधी उघडू दिले. यादी आली तिथे खूण आलीच.

त्या जातीच्या यंत्रांवर पुढे रूढ झालेल्या पत्रपेटीत प्रत्येक पत्राच्या डोक्यावर एक ओळ असे : तारीख, पत्राची लांबी आणि अर्धविरामापुढे बारा अंक. अष्टमान पद्धतीचे बारा अंक म्हणजे छत्तीस बिट, कारण त्या यंत्राचा एक शब्दच छत्तीस बिटांचा. त्यातला अगदी शेवटचा बिट शून्याचा एक झाला की पत्र 'पाहिले'. जागा आधीच राखून ठेवलेली असल्याने खूण बदलली तरी पुढचा मजकूर सरकत नसे. मोडी पत्रावरच्या पैवस्तीसारखीच ही पद्धत, खूण पत्राच्या अंगावरच.

युनिक्सवाल्यांनी आधी वेगळी वाट धरली. वाचून झालेले पत्र येणाऱ्या टपालाच्या फाइलीतून काढायचे आणि वाचकाच्या स्वतःच्या 'एमबॉक्स' फाइलीत टाकायचे. इथे खूण नव्हती, जागाच खूण होती; आमच्या स्टोअरमध्ये निकाली चलनांचा गठ्ठा दुसऱ्या खणात जायचा तसे. १९७८ मध्ये कर्ट शोन्स यांनी बर्कलीत लिहिलेल्या 'मेल' प्रोग्रामने एक बारीक भेद आणला, तो मला फार आवडतो. यादीत पत्रापुढे 'एन' असेल तर ते नवे. 'यू' असेल तर ते मागच्या वेळीही यादीत दिसले होते, पण उघडले नव्हते. म्हणजे आलेले, नजरेखालून गेलेले आणि वाचलेले अशा तीन अवस्था झाल्या. कचेरीतल्या आवक-नोंदीचा आणि साहेबांच्या सहीचा फरक इथे पुन्हा जन्माला आला म्हणायचा. फाइलीत ही नोंद पत्राच्या मथळ्यात 'स्टेटस' या ओळीवर राही : 'आर' म्हणजे वाचलेले, 'ओ' म्हणजे जुने.

या पद्धतीची अडचण उघड आहे. एक अक्षर वाढवायचे तर सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते, आणि त्याच क्षणी नवे पत्र येऊन टेकले तर घोटाळा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'मेलडिर' काढून यावर उतारा दिला. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि खूण फाइलीच्या नावातच : शेवटी दोन ठिपके, दोनचा अंक, स्वल्पविराम आणि 'एस'. अजूनही कितीतरी मेल सर्व्हर असेच चालतात. गंमत अशी की विंडोज फाइलीच्या नावात ते दोन ठिपके चालवून घेत नाही.

दुसरी पद्धत, म्हणजे खूण वाचकापाशी ठेवण्याची, यूझनेटवर उत्तम दिसते. यूझनेट म्हणजे जगभर पसरलेला चर्चेचा फळा. मजकूर एकच, वाचक हजारो. तिथे मजकुरावर खूण करून भागणार नाही, कारण कोणाची म्हणून करणार? म्हणून प्रत्येक वाचकाच्या खात्यात 'न्यूजआरसी' नावाची छोटी फाइल असे. तीत चर्चागटाचे नाव आणि पुढे वाचलेल्या क्रमांकांच्या पल्ल्या : १ ते ४५०, मग ४५३, असे. परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलांचा 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' हा गट असाच वाचला जाई, बहुतेक रोमन लिपीतले मराठी. मात्र मजकुरांचे क्रमांक प्रत्येक सर्व्हर आपापले देत असे. विद्यापीठ सोडून नोकरीला लागलेल्या माणसाने आपली न्यूजआरसी सोबत नेली तरी नव्या सर्व्हरवर ते आकडे निरर्थक. तिथे तो पुन्हा कोरा वाचक. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येते.

आपल्याकडे ई-मेल आधी आली ती शिक्षणसंस्थांत. १९८६ च्या सुमारास एर्नेट हा प्रकल्प उभा राहिला आणि मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या पुढाकाराने टेलिफोनवरून पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून; आधी चार महानगरांत, पुढे पुण्यालाही. खाती दोन तऱ्हेची. 'शेल' खाते स्वस्त. त्यात नुसती अक्षरे दिसत आणि पत्रे निगमच्या यंत्रावरच 'पाइन' या प्रोग्रामने वाचायची. न वाचलेल्या पत्रापुढे 'एन' दिसे. घरातून बघा, मित्राकडून बघा, खूण तीच, कारण वाचनही तिथेच आणि खूणही तिथेच. दुसरे 'टीसीपी-आयपी' खाते महाग, पण त्यावर चित्रे दिसत आणि मेल आपल्या संगणकावर उतरवता येई. टेलिफोनचे मीटर पळत असताना पत्रे वाचत बसणे कोणाला परवडणार? जोडा, उतरवा, तोडा आणि मग निवांत वाचा.

या व्यवहाराला साजेसा प्रोटोकॉल म्हणजे पीओपी, टपालघराचा प्रोटोकॉल. त्याची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर १९८८ ची. त्याचा स्वभाव निरोप्याचा : थैली रिकामी करून देतो, कोणी काय वाचले ते त्याला ठाऊक नाही. आरंभी त्यात 'लास्ट' नावाची एक आज्ञा होती. आजवर कितव्या क्रमांकापर्यंत पत्रे बघितली गेली ते सर्व्हर सांगत असे. नोव्हेंबर १९९४ च्या सुधारणेत ती काढून टाकली आणि त्याऐवजी प्रत्येक पत्राला कायमची ओळख देणारी 'यूआयडीएल' ही ऐच्छिक आज्ञा आली. ही वरवर किरकोळ दुरुस्ती मला या इतिहासातला निर्णायक क्षण वाटते. त्या दिवशी टपालघराने आठवण ठेवण्याची उरलीसुरली जबाबदारीही झटकली : ओळखपत्रे देतो, कोणते पाहिले ते तुमचे तुम्ही लिहून ठेवा. म्हणजे पुन्हा न्यूजआरसीच. म्हणून संगणक बदलला, किंवा मेल कंपनीने सर्व्हर हलवताना ओळखी नव्याने दिल्या, की तीन-तीन वर्षांची जुनी पत्रे पुन्हा ठळक होऊन अंगावर येतात. लोकांना वाटते व्हायरस आला.

मेल उतरवून वाचायची सवय जगाला लावणाऱ्या प्रोग्रामांत 'युडोरा' ठळक. १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो लिहिला. न वाचलेल्या पत्रापुढे त्यात एक ठिपका असे. हे नाव अमेरिकन कथाकार युडोरा वेल्टी यांचे. घरच्यांशी भांडून पोस्ट ऑफिसातच राहायला जाणाऱ्या एका बाईची त्यांची कथा आहे, त्या शीर्षकावरून डॉर्नर यांना हे सुचले. कथाकाराचे नाव मेलच्या प्रोग्रामला मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तिसरी पद्धत टपालघरात खूण ठेवण्याची, म्हणजे आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला ती मांडली. पत्रे सर्व्हरवरच राहणार आणि खुणाही तिथेच : पाहिले, उत्तर दिले, महत्त्वाचे, खोडले, कच्चे. सर्व्हर टीओपीएस-२० चा, म्हणजे त्याच छत्तीस बिटांच्या घराण्यातला. शेवटचा तो बिट इथे 'सीन' हे नाव घेऊन वारसाहक्काने आला. नाव 'पाहिले', पण नियमातली व्याख्या 'पत्र वाचले गेले आहे' अशी. पुढची सगळी भांडणे या एका ओळीत दडली आहेत. कारण सर्व्हरला माणूस दिसत नाही, त्याला फक्त मागणी दिसते. प्रोग्रामने पत्राचा मजकूर साध्या आज्ञेने मागितला, की सर्व्हर 'पाहिले' अशी खूण करून मोकळा. खूण न करता मजकूर हवा असेल तर 'पीक', म्हणजे 'नुसते डोकावतो' असे सांगावे लागते. कोणी डोकावायचे आणि किती वेळाने डोकावण्याचे वाचन करायचे, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. थंडरबर्डमध्ये ही सेटिंग उघडी दिसते : पत्र समोर येताच वाचलेले धरायचे, की अमुक सेकंदांनी. डोळ्यांपुढे पाच सेकंद म्हणजे वाचन, हा निकष माझ्या मराठीच्या मास्तरांनी ऐकला असता तर त्यांनी छडीच काढली असती.

हे सगळे वाचून मी सुखाने बसलो असतो. पण काही वर्षांपूर्वी काळेवाडीतल्या एका प्रेसशॉपमध्ये हे प्रकरण एका बाईच्या नोकरीवर आले. चाकणच्या एका मोठ्या पुरवठादाराला हे लोक पत्र्याचे ब्रॅकेट देत. शुक्रवारी रात्री तिकडून मेल आली : ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, एका भोकाची जागा सरकली आहे. शनिवार-रविवार जुन्याच ड्रॉइंगवर माल निघाला आणि सोमवारी सगळा नापास होऊन परत आला. ऑफिसचे खाते सांभाळणाऱ्या ताईंना शेठनी बोलावले. संगणकावर ती मेल बारीक अक्षरात, म्हणजे वाचलेली. "पुरावा समोर आहे," शेठ म्हणाले. नुकसानीतला वाटा पगारातून कापायची, नाहीतर काम सोडायची भाषा झाली. ताई मला म्हणाल्या, "दादा, मी ती उघडलीच नाही हो. सकाळी आले की ठळक तेवढ्या बघते. ही ठळक नव्हतीच."

खाते आयमॅपचे होते. शेठच्या फोनवर तेच खाते, पुतण्याच्या फोनवरही तेच. पुतण्या शपथेवर सांगत होता, त्यानेही मेल उघडलेली नाही. दोघेही खरे बोलत असतील असे कोणाला वाटत नव्हते. मी सर्वांसमोर एक साधी मेल त्या खात्यावर पाठवली. फोनवर सूचना आली. पुतण्याला म्हटले, "एरवी करतोस तसेच कर." त्याने मेल न उघडता सूचनेखालचे 'वाचले' हे बटण दाबले, लग्नाच्या गर्दीत असताना फोन गप्प करायची त्याची ती रीत. काही क्षणांत ताईंच्या पडद्यावर त्या मेलचे ठळक अक्षर बारीक झाले. कोणीही न वाचलेले पत्र वाचलेले ठरले. शेठ बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. पगार कापला गेला नाही.

मी तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. एका खात्यात तीन माणसे असली तरी सर्व्हरच्या लेखी वाचक एकच. यावर उपाय नाही असे नव्हे. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला 'सायरस' हा सर्व्हर सामाईक पेटीतही प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या ठेवू शकतो, पण त्यासाठी प्रत्येकाचे लॉगिन वेगळे हवे. आमच्या भागात एकच पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो.

चाकणच्या पुरवठादाराने मात्र भरपाई दिली नाही, आणि कायद्याने पाहिले तर त्याची बाजू भक्कम होती. भारतीय कायदा वाचण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. १८९७ चा सामान्य वाक्खंड अधिनियम सांगतो की बरोबर पत्त्यावर, टपालहशील भरून रजिस्टर केलेले पत्र, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोचले असे धरावे. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे १३ वे कलम हेच ई-मेलला लावते : घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणक-व्यवस्थेत पत्र शिरले, तो क्षण पोचल्याचा. नेमून दिलेली सोडून दुसऱ्याच ठिकाणी पाठवले, तर मात्र घेणाऱ्याने ते तिथून काढून घेतले तो क्षण. पैवस्तीचाच न्याय. ठळक-बारीक अक्षराची तिथे दखल नाही.

अपवाद म्हणता येईल असा एक निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. जून २०१८ मध्ये एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या थकबाकी वसुलीच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मान्य केले. नोटीस नुसती पोचली नव्हती, सोबतची फाइल उघडलीही गेली होती, हे त्या खुणांवरून दिसते, हा त्यामागचा आधार. त्या निळ्या खुणा व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या. ई-मेलमध्ये अशी वाचनपावती मागण्याची सोय मार्च १९९८ पासून नियमबद्ध आहे; पण ती द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय त्या टिपणातच लिहून ठेवले आहे की पत्र पडद्यावर दाखवले गेले याचा अर्थ मजकूर वाचला किंवा समजला असा धरता येत नाही. अभियंत्यांनी इतके स्वच्छ लिहिलेले वाक्य माझ्या वाचनात क्वचितच आले आहे. प्रेसशॉपमध्ये तो निळ्या खुणांचा न्याय लागू झाला असता, तर पुतण्याच्या एका बोटाने नोटीस बजावली गेली असती.

ऑगस्ट २०२१ मध्ये आयमॅपची नवी आवृत्ती आली. तिच्यातून 'नुकतेच आलेले' ही जुनी खूण काढून टाकली. जो प्रोग्राम आधी जोडला जाईल त्यालाच ती दिसायची, आणि एका माणसाकडे फोन, संगणक, टॅबलेट असे तीन-तीन प्रोग्राम झाल्यावर तिला अर्थच उरला नव्हता. म्हणजे बर्कलीच्या 'एन' आणि 'यू' मधला तो बारीक भेद या प्रोटोकॉलपुरता संपला. 'पाहिले' तेवढे राहिले.

प्रेसशॉपमध्ये आता तिघांची लॉगिन वेगळी आहेत, आणि ताईंच्या टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याची एक आवक वही आहे. ड्रॉइंगची कुठलीही मेल आली की तीत तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, रिव्हिजनचा क्रमांक आणि प्रेसवरच्या सुपरवायझरची सही. सही झाल्याशिवाय डाय मशीनवर चढत नाही. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा पुतण्या ताईंना विचारत होता, ही वही एक्सेलमध्ये करता येईल का.